शेजारी बसणारा माणूस

नरपडमध्ये सदानंद सावेला कुणी विंग कमांडर म्हणत नाही. विमानवाला सदू म्हणतात. हवाई दलातून निवृत्त होऊन तो गावी परतला तेव्हा सुरुवातीला लोक मोठ्या आशेनं ओट्यावर येऊन बसायचे. त्यांना लढाईच्या गोष्टी हव्या होत्या. कुठं बॉम्ब टाकलास, कुणाला पाडलंस, असं विचारायचे. सदानंद खरं ते सांगायचा, की नोकरीतली बहुतेक वर्षं आपण पोरांना विमान चालवायला शिकवण्यात घालवली. "म्हणजे मास्तरच की रे तू!" असं बाबल्या राऊत एकदा म्हणाला आणि गावाचा उत्साह तिथंच मावळला. पुढं लोक आले ते वाढवणला होऊ घातलेल्या बंदरावर वाद घालायला. त्या विषयात सदानंदाला काही बोलता येईना, तेव्हा तेही यायचे थांबले.

मास्तर म्हटल्याचा त्याला राग आला नव्हता. लष्कराच्या उड्डाणशाळेत नवख्या कॅडेटच्या शेजारच्या खुर्चीत बसणं भल्याभल्यांना जमत नाही. लढाऊ विमानं उडवणारे शूर गडी तिथं इन्स्ट्रक्टर म्हणून आले की दोन महिन्यांत रडकुंडीला येतात, कारण तिथं उडवायचं नसतं, उडवू द्यायचं असतं. विमानाची दांडी पोराच्या हातात. आपला हात तिच्याजवळ, अर्धवट मिटलेला, पण तिला न लागलेला. लागला की पोराला कळतं, आणि मग ते शिकत नाही, आपल्यावर भार टाकतं. आणि पोर बरोबर करत असेल तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सावेसरांची ख्यातीच ती होती. "आज सर अख्खी सॉर्टी, विमान उतरेपर्यंत, गप्प होते," असं कॅडेट मेसमध्ये छाती फुगवून सांगत, आणि बाकीचे हेव्यानं ऐकत. सर गप्प म्हणजे सरांचा विश्वास.

ही रीत त्यानं घरीही चालवली, ती मात्र बकुळाला कधी पटली नाही. नवरा मुकाट्यानं जेवला की कालवण उत्तम झालं असं समजायचं, हा कुठला कायदा, असं ती म्हणायची. निवृत्तीनंतर विमान कंपन्या मागं लागल्या होत्या. बकुळा म्हणाली, आता पुरे, नरपडला जाऊ, चिकूची वाडी आहे, समुद्र आहे. आले. तिनं हौसेनं घर रंगवून घेतलं आणि वर्षाच्या आत ती गेली. मुलगी निधी बंगळूरला असते. रविवारी तिचा फोन येतो. बीपी कसं आहे, जेवलास का, असं ती विचारते, आणि सदानंद "ठीक" म्हणतो. त्याच्या मते त्यात सगळं आलं.

वाडीचं काम वेवजी गावचा मनिष आणि त्याची बायको जयश्री बघतात. सकाळी मोटारसायकलवरून येतात, उन्हं कलली की जातात. ती दोघं गेली की घरात सदानंद एकटा. तो ओट्यावर बसून राहायचा. बसल्या बसल्या मन कुठं कुठं जाऊन यायचं, चहा थंड व्हायचा, कधी दिवा लावायचंही राहून जायचं. त्याला हाक मारून भानावर आणणारं घरात कुणी नव्हतं, त्यामुळं आपण असे जातो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. एकटेपणाचं दुःख आहे हे त्याला ठाऊक होतं. एकटेपणाची सवय लागते आणि ती सवय दुःखापेक्षा वाईट असते, हे कळायचं होतं.

अशात माघ महिन्यात ऋषभ खैरनार आला. ऋषभ धुळ्याचा, एके काळचा सदानंदाचा कॅडेट, आता त्याच उड्डाणशाळेत मुख्य इन्स्ट्रक्टर. डहाणू रोडला उतरून रिक्षा करून आला. जयश्रीनं केलेलं बोंबलाचं कालवण त्यानं दोनदा मागून घेतलं आणि हात धुतल्यावर सरळ मुद्द्यावर आला.

"सर, विमानं आहेत, पोरं आहेत, धावपट्टी आहे. शेजारी बसायला माणूस नाही."

"का? कुठं गेले सगळे?"

"मुरलेले होते ते निवृत्त झाले नि एअरलाइनमध्ये गेले. तरुण येतात, त्यांना शिकवणं जरा कुठं जमायला लागतं, तेवढ्यात त्यांची बदली होते. एकेका इन्स्ट्रक्टरकडे दुप्पट पोरं आहेत. बॅच मागं पडलीय. आता वरून मंजुरी आलीय, जुन्या इन्स्ट्रक्टरांना पुन्हा घ्यायची. तुमचं नाव मी पहिलं दिलंय. तपासणीत पास झालात की उडायचं."

"विचार करून सांगतो," असं सदानंद भारदस्तपणे म्हणाला. ऋषभची गाडी बोईसरला पोचायच्या आत यानं फोन करून हो सांगून टाकलं होतं. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या माणसानं विचार तो कितीसा करायचा?

त्या दिवसापासून घराचा रंगच बदलला. सदानंद पहाटे उठून समुद्रावर चालायला लागला. दाढी रोज व्हायला लागली. मुंबईला जाऊन तपासणी झाली; डोळे, कान, हृदय, सगळं चोख निघालं. डॉक्टर म्हणाला, माझ्यापेक्षा तुमची तब्येत बरी आहे. निधीला फोनवर सांगताना तो चक्क एक पूर्ण वाक्य बोलला. "मला परत बोलावलंय, निधी, मी जातोय," एवढंच, पण ती रडायला लागली. बाबा इतक्या आनंदात तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आता प्रश्न राहिला वाडीचा. चिकू काढला की पिकअपमधून वखारीत पोचवायचा असतो, आणि पिकअप चालवायचा सदानंद. तो गेल्यावर कोण चालवणार? मनिष चाळिशीचा झाला तरी मोटारसायकलच्या पुढं गेला नव्हता. "मी शिकवतो तुला," सदानंद म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मनिषनं कच्चं लायसन काढलं, गाडीला लाल एल चिकटवला आणि शिकवणी सुरू झाली.

मनिषला ही शिकवणी आधी विचित्रच वाटली. तलासरीच्या ड्रायव्हिंग स्कूलवाला शिकवताना अखंड ओरडत असतो असं त्यानं ऐकलं होतं. साहेब नुसते डाव्या बाजूला बसायचे. उजवा हात हँडब्रेकजवळ, त्याला न लावता. चुकलं तर दोन शब्द, "क्लच आधी" किंवा "आरशात बघ", आणि मग पुन्हा गप्प.

"साहेब, काय तरी बोला ना," तो पहिल्या दिवशी काकुळतीला येऊन म्हणाला. "भ्या वाटते."

"मी बोललो तर चुकतंय असं समज. गप्प असलो तर चाल पुढं."

हे मनिषला पटलं. मग आशागडच्या बाजूला, बोर्डीपर्यंत, घोलवडहून वेवजीच्या रस्त्यानं, अशी गाडी रोज हिंडायला लागली. मनिषचा हात चांगला होता. आठवडाभरात साहेबांचं बोलणं जवळपास बंद झालं, आणि मनिष घरी जाऊन जयश्रीला तेच कौतुकानं सांगायला लागला.

जायला थोडेच दिवस उरले असताना ते तलासरीकडे निघाले होते. वेवजी मागं टाकली. उतार, पुढं वळण, वळणाच्या तोंडाशी मोरी. सकाळचं ऊन होतं, रस्ता मोकळा होता. मोरीच्या कठड्यामागून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्यावर आली. भाऱ्यानं तिचा चेहराच झाकला होता, तिला गाडी दिसणं शक्य नव्हतं. मनिषनं ब्रेक दाबला, खडीवरून गाडी घसरली, त्यानं स्टिअरिंग आवळून धरलं आणि पुढचं चाक रस्त्याच्या कडेला टेकवून गाडी थांबवली. बाई हातभर अंतरावर उभी. तिनं भारा खाली टाकला आणि मनिषच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग भारा परत डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

मनिषला घाम फुटला होता, पण तो हसत होता. "साहेब! तुमचा हात पण हलला नाय! केवडा भरोसा माज्यावर!"

सदानंदानं खाली पाहिलं. त्याचा हात मांडीवर होता. हँडब्रेकजवळ नव्हताच, मांडीवर होता, उताणा, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. त्याला बाई दिसली नव्हती. मोरी दिसली नव्हती. वेवजीचं शेवटचं घर गेलं ते आठवत होतं आणि त्यानंतर एकदम ब्रेकचा हिसका. मधला रस्ता नव्हताच. तो झोपला नव्हता, डोळे उघडे होते. तो तिथं नव्हता एवढंच. कुठं होता, हेही त्याला सांगता आलं नसतं.

तलासरी नाक्यावर चहा प्यायला थांबले. मनिषनं टपरीवाल्या सुकऱ्याला सगळी हकिगत तिखटमीठ लावून ऐकवली. "दुसरा आसता ना, तर बोंबलला आसता. आमचा साहेब गप बसला! विमानात पण असाच बसतो, कॅडेट लोकांचे बाजूला!" सुकऱ्यानं आदरानं सदानंदाकडं पाहिलं आणि पैसे घेईना. सदानंदानं नोट बशीखाली सरकवली आणि तो गाडीकडं चालू लागला.

विमान शिकणारं पोर चुकणारच. त्यासाठीच तर शेजारची खुर्ची असते. पोराच्या चुकीनं विमान पडत नाही, शेजारचा गैरहजर असला की पडतं, हे तो प्रत्येक नव्या इन्स्ट्रक्टरला सांगत आला होता. आणि पोराला कळत नाही की शेजारी कुणी नाही. उलट त्याला वाटतं, वा, सरांचा केवढा विश्वास.

आता झाकली मूठ सव्वा लाखाची होती. मनिष त्याचा पोवाडा गात होता, डॉक्टरनं पाठ थोपटली होती, बाईचा केसही वाकडा झाला नव्हता. एकदा होतं कुणाचंही, असं सदानंदानं स्वतःला समजावलं. रस्ता म्हणजे काय आकाश आहे का? विमानात बसलो की आपण वेगळे असतो. असे मांडे तो मनात खात राहिला. पण हाडाचा इन्स्ट्रक्टर होता, परीक्षा घेतल्याशिवाय पास करणं त्याच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मनिषला आशागडहून डहाणूकडं गाडी घ्यायला सांगितली आणि ठरवलं, की वाटेतलं सगळं बघायचं, झाड, माणूस, खांब, काही सोडायचं नाही. सुरुवातीला त्यानं सगळं पाहिलं. वीटभट्टी पाहिली, शाळेतून सुटलेल्या मुली पाहिल्या, उलट्या बाजूनं येणारा टेम्पो पाहिला. मग मनिष म्हणाला, "साहेब, उतरायचा ना?" आणि गाडी डहाणूच्या वखारीपुढं उभी होती.

तो उतरला नाही. काही वेळ तसाच बसून राहिला. दोन वर्षं ओट्यावर बसून मनाला जायची सवय लावली होती, ते आता न विचारता जायला शिकलं होतं. हे कुठल्या डॉक्टरच्या यंत्रात दिसणार? ज्या एकटेपणातून सुटायला तो निघाला होता, त्याच एकटेपणानं त्याला त्या खुर्चीतून उठवलं होतं. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण वखारीसमोर हमाल चिकूचे क्रेट उचलत होते आणि तो विंग कमांडर होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळी सकाळी फोन लावला. ऋषभ लवकर उठतो हे त्याला माहीत होतं. पलीकडं विमानाच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"सर! तुमची खोली तयार झालीय. अगदी तुमची जुनीच मिळवलीय, आंब्यासमोरची."

"ऋषभ, मी येत नाही."

मग सदानंदानं सगळं सांगितलं. मोरी, बाई, मांडीवरचा हात, डहाणूचा रस्ता. जन्मात इतकं सलग तो कुणाशी बोलला नव्हता. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता ऋषभ म्हणेल, ठीक आहे सर, बरं केलंत सांगितलंत.

ऋषभ म्हणाला, "सर, तरीही या."

"काय?"

"या सर. सगळ्यांचंच होतं ते." इंजिनाचा आवाज दूर गेला. तो चालत कुठंतरी आडोशाला गेला असावा. "माझं गेल्या महिन्यात झालं. दिवसातली शेवटची सॉर्टी. विमान उतरायला आलं होतं. मला जाग आली तेव्हा कॅडेट विमान परत वर उचलत होता. उतरणं जमत नाहीय हे त्याचं त्यालाच कळलं, देवाच्या कृपेनं. खाली आल्यावर मला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, सर, तुम्ही बोलला नाहीत, तुम्ही मला ठरवू दिलंत, थँक यू सर."

सदानंद ओट्यावर टेकला.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच सांगतोय."

"महिना झाला आणि तू उडतोयस?"

"रोज. कधी चार, कधी पाच. मी बसलो तर माझी पोरं कुणाकडं देऊ? ज्याच्याकडं देईन, तो माझ्याइतकाच दमलाय."

"ऋषभ, ऐक. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा. सांग त्याला. आजपासून उडायचं नाही."

"बॅच थांबेल, सर."

"थांबू दे."

"तुम्ही आला असतात, तर थांबली नसती."

हे ऋषभ रागानं बोलला नाही. दमलेला माणूस बोलतो तसं, नुसतं खरं ते बोलला. सदानंदाला ते वर्मी लागलं, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर ती शाळा आली, एकेका विमानात एकेक पोर, दांडीवर कोवळा हात, आणि शेजारी कुणी दमलेला, कुणी डोळे उघडे ठेवून दूर गेलेला. आणि सगळी पोरं खूश, की सर गप्प आहेत.

"मी येतो," तो म्हणाला. "उडायला नाही. नुसता येतो. सकाळी विमानाकडं निघालात की एकेकाच्या डोळ्यांत बघेन. कोण जागा आहे, कोण नाही, ते मला कळतं रे, आता तर जास्तच कळतं. जो नाही, त्याला मी खाली बसवेन. तुला पहिला बसवेन. तुम्हांला शेजारी कुणीतरी हवंय, तुम्हांला! पोरांना नंतर."

पलीकडं इंजिनाचा आवाज पुन्हा जवळ आला.

"तशी जागा नाही, सर."

"जागा म्हणजे?"

"मंजुरी उडणाऱ्या इन्स्ट्रक्टरची आहे. नुसतं बघणाऱ्या माणसाची नाही. असं पदच नाही."

"मग पदाशिवाय येतो. पेन्शन आहे मला. गावात खोली घेतो."

"गेटच्या आत कसं घेऊ सर तुम्हांला? कोण म्हणून?"

तो कोण होता? मागून कुणीतरी ऋषभला हाक मारली, पोरगेलासा आवाज होता, उत्साहानं भरलेला. "येतो," असं ऋषभ तिकडं म्हणाला आणि मग फोनमध्ये, अगदी हळू, "पोरं थांबलीत सर. ठेवतो."

"ऋषभ, आज उडू नकोस. ऋषभ!"

फोन बंद झाला होता. सदानंदानं पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. विमानाकडं जाताना फोन खाली ठेवून जायचा असतो, हा नियम त्यानंच त्या पोराला शिकवला होता.

आठ वाजता मनिष आणि जयश्री आली. साहेब ओट्यावर बसले होते, फोन हातात होता, डोळे उघडे होते, पापण्या लवत होत्या. मनिषनं एकदा हाक मारली, दोनदा मारली. मग त्याला वाटलं, साहेब आज सगळं आपल्यावर सोपवून बसलेत, म्हणून त्यानं किल्ली घेतली आणि एकट्यानंच गाडी काढली.